आजी ‘मी आपली कशी मदत करू?’ असं का म्हणते? रोलप्ले बॉटचं पात्र लिहिताना

गर्दीच्या लोकलमध्ये ऐकणं जमत नाही, वाचणं बरं पडतं, अशांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. जासईहून एका श्रोत्याने लिहिलंय: ‘दादा, मी एक रोलप्ले बॉट बनवलाय. पात्र म्हणजे उरणकडची आगरी आजी. मिठागरात काम केलेली, १९८४ चं आंदोलन बघितलेली. कुणी खरी नाही, मी रचलेली. वर्णन दोन पानं लिहिलंय. पण “आजी, कशी आहेस?” विचारलं की ती म्हणते, “मी छान आहे! आज मी आपली कशी मदत करू?” आता काय करू?’

हसू येतं, पण प्रश्न साधा नाही. जासईची आजी मशीनमध्ये गेली आणि बँकेच्या कस्टमर केअरमधून बाहेर आली. मधे नेमकं काय झालं ते बघू.

आधी मशीनला काय दिसतं ते समजून घ्या. तुम्ही दर वेळी मेसेज पाठवला की मॉडेल तुमचं पात्रवर्णन आणि आत्तापर्यंतच्या गप्पा पुन्हा वाचतं, आणि यापुढे कुठले शब्द येणं जास्त शक्य आहे ते ठरवतं. बस. त्याला आजी माहीत नाही, त्याच्यासमोर फक्त मजकूर आहे. त्या मजकुरात ‘प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, विनोदी’ असं लिहिलं असेल, तर मॉडेलला काय मिळालं? चार विशेषणं. मराठी सिरियलमधल्या निम्म्या आज्या या चार शब्दांत बसतात. वर या मॉडेलांना मदतनीस म्हणून वागायची सवय लावलेली असते. त्यामुळे पात्र जरा पातळ झालं की खालून मदतनीस डोकावतो.

म्हणून पहिलं काम: विशेषण खोडा, त्या जागी वागणं लिहा. ‘प्रेमळ’ नको. ‘आलेल्याला जेवलास का हे विचारल्याशिवाय दुसरं काही विचारत नाही’ हे लिहा. ‘स्वाभिमानी’ नको. ‘कुणी पैसे देऊ केले की पदराला हात पुसते आणि आत निघून जाते’ हे लिहा. अशी चार-पाच वाक्यं दोन पानांच्या वर्णनावर भारी पडतात, कारण मॉडेल त्यांचा पुढे वापर करू शकतं. ‘कष्टाळू’ हा शब्द संवादात वापरणार कसा, सांगा ना!

आता मुख्य गोष्ट. भाषा.

इथे थोडं मागे जाऊ. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम लोकांसमोर आणला. चॅटबॉटची पणजी म्हणा. तिचं गाजलेलं रूप मानसोपचारतज्ज्ञाचं होतं: तुम्ही जे बोलाल तेच फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचं. एवढ्याशा युक्तीवरही लोक तिच्याशी मनातलं बोलायला लागले. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तर तिच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. तिचं नाव आलं बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या एलायझावरून. आणि ‘पिग्मॅलियन’ मराठीत कुणी आणलं? पु. ल. देशपांड्यांनी. तेच ‘ती फुलराणी’, भक्ती बर्वेंनी गाजवलेलं. फुलं विकणाऱ्या मुलीची बोली काढून तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवायचं, ही त्या नाटकाची गोष्ट.

गंमत बघा. आजचं मॉडेल हे काम न सांगता करतं. मिठागरातली बाई द्या, एका मिनिटात तिला प्रमाण मराठीत बोलायला लावेल. कारण त्याने वाचलेल्या मराठीत बातम्या, सरकारी मजकूर, विकिपीडिया आणि भाषांतरं यांचाच भरणा असतो. आगरी बोली बोलली जाते, गायली जाते, पण लिहिलेली फार थोडी सापडते. तुम्ही म्हणालात, ‘आगरीत बोल’, तर ते एक तर कोळीगीतातली दोन-तीन वाक्यं घोळवेल, नाही तर कॉमेडी शोमधला ‘गावठी’ माणूस उभा करेल. दुसरा प्रकार मला जास्त खटकतो. आजीची चेष्टा करायला तिचा नातू तो बॉट बनवत नाहीये.

नियम सांगून हे सुटत नाही. समजा तुम्ही लिहिलं, ‘ळ चा ल कर, ण चा न कर, ड चा र कर’. नारळाचा नारल होतो, पाण्याचं पानी होतं, गाडीची गारी होते. ठीक. पण मॉडेल मग डोंगराचाही रोंगर करून मोकळं होतं, जे कुणी म्हणत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा ड बोलणारा माणूस सोडून देतो. हे नियमाला कळत नाही, कानाला कळतं.

उपाय एकच आहे. नमुना संवाद स्वतः लिहा. कॅरेक्टर डॉट एआयमध्ये ‘डेफिनिशन’ नावाची जागा असते, सिली टॅव्हर्नसारख्या ॲपमध्ये ‘उदाहरण संवाद’ अशी वेगळी जागा असते. तिथे आजीची आठ-दहा उत्तरं टाका. अशी:

‘आयलास? चपला भायेर काढ. जेवान झाला का?’

‘साइब आला का कागूद आला. कागूद आला का जमीन गेली.’

‘माना नको इचारू. तुज्या बापाला इचार.’

ही मी माझ्या कानाने लिहिलीत. तुमच्या गावात ‘माना’ असेल की ‘मना’, ते घरी विचारा. जासई आणि करंजा यांचीही बोली तंतोतंत एक नसेल. फोनचा रेकॉर्डर चालू करून घरातल्या मोठ्यांशी अर्धा तास गप्पा मारा, अर्थात त्यांना सांगून. मग ती वाक्यं लिहून काढा. लिहिताना कळतं की आजी लांब वाक्यं बोलतच नाही. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देते. ‘हो’ म्हणायचं असेल तरी ‘मंग?’ म्हणते. हे मॉडेल उचलतं, अगदी पटकन. नमुन्यात सगळी उत्तरं दोन ओळींची असतील तर पुढेही ते सहसा दोन ओळींतच बोलतं. ‘थोडक्यात बोल’ असं दहा वेळा बजावण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

‘स्वस्त’ हा शब्द मुद्दाम वापरला. मॉडेल मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत मोजतं, आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये देवनागरी मजकुराला तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन लागतात. एकावेळी लक्षात ठेवायची मर्यादा ठरलेली. म्हणजे दोन पानी वर्णन मराठीत असेल तर गप्पांसाठी जागा कमी उरते आणि जुन्या गप्पा लवकर गळून पडतात. सूचना हव्या तर इंग्रजीत ठेवा, कोरड्या आणि छोट्या. संवाद मात्र आजीच्याच बोलीत.

लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं करायचे. बघितलं नसेल तर यूट्यूबवर शोधा. कुठलंही पात्र ‘मी अमुक स्वभावाचा आहे’ असं सांगत नाही. तोंड उघडलं की दुसऱ्या शब्दाला कळतं कोण बोलतंय. पात्र लिहिणाऱ्याने तिथून शिकण्यासारखं खूप आहे.

मराठीची आणखी एक अडचण इंग्रजी गाईडमध्ये तुम्हाला मिळणार नाही. आपलं क्रियापद समोरच्याचं लिंग सांगतं. बॉट पहिल्याच ओळीत ‘आलास?’ म्हणाला आणि समोर मुलगी असेल तर खेळ तिथेच मोडला. माझ्या वरच्या नमुन्यातही ‘आयलास’ आहे, म्हणजे तो बॉट फक्त नातवासाठी चालेल. सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा असेल तर सुरुवातीचा संदेश असा लिहा की लिंग येणारच नाही: ‘कोन हाय? ये, आत ये. उनातून नको उबा रहावाला’ (इथे बघा, ‘उबा’ लिहून मी पुन्हा पुरुष केला. इतकं ते नकळत होतं. ‘उनात नको थांबू’ करा.) दुसरं, तू आणि तुम्ही. नातवाला तू, तलाठ्याला तुम्ही, आणि चिडली की तलाठ्यालाही तू. हे पात्रात लिहून टाका, नाही तर मॉडेल सगळ्यांना ‘आपण’ म्हणतं.

सुरुवातीचा संदेश हा सगळ्यात जोरदार नमुना असतो, कारण गप्पा तिथूनच वळण घेतात. ‘नमस्कार, मी आजी’ हे वाया घालवणं झालं. तिला कामात पकडा. सुकट निवडतेय, बाहेर कंटेनरच्या ट्रेलरचा आवाज आहे, आणि कुणीतरी दारात आलंय. वाचणाऱ्याने काय केलं, त्याला काय वाटलं हे बॉटने लिहायचं नाही. त्याची जागा रिकामी सोडायची. हा नियम सूचनेतही घाला आणि पहिल्या संदेशात पाळा. स्वतः मोडलात तर मॉडेलही मोडेल.

आता आजीला काय माहीत नाही, ते. जग वाचलेल्या मशीनला अज्ञान शिकवणं अवघड असतं. आजीला अटल सेतू माहीत आहे, पण तो तिच्यासाठी ‘तो पूल’ आहे, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला प्रकल्प नाही. सिडकोची स्थापना १९७० ची, हे ती सांगणार नाही. ती सांगेल, कागद आला तेव्हा धाकटा पोटात होता. तारखेऐवजी घरातल्या घटनेने काळ मोजते, एवढं एक वाक्य कार्डात लिहा. फरक लगेच दिसतो.

आणि गुपित. आजीने १९८४ मध्ये काहीतरी बघितलंय आणि ती ते बोलत नाही, असं तुम्ही वर्णनात लिहिलं, की तिसऱ्या मेसेजला ती सगळं ओकून टाकते. मॉडेलच्या समोर ते लिहिलेलं आहे ना, मग ते वापरणारच. म्हणून गुपित लिहू नका, टाळणं लिहा: ‘दास्तान फाट्याचा विषय निघाला की दारातल्या चपला सरळ करायला उठते.’ गुपिताचा मजकूर लोअरबुकमध्ये ठेवा. लोअरबुक म्हणजे काय, तर ठरावीक शब्द गप्पांत आला की त्याच्याशी जोडलेली टीप मॉडेलला दाखवली जाते, एरवी नाही. इथे मराठीत एक खड्डा आहे. तुम्ही ‘फाटा’ हा शब्द दिलात, पण बोलणारा लिहितो ‘फाट्यावर’. जुळलंच नाही. ‘मिठागर’ हे ‘मिठागरात’मध्ये सापडू शकतं, पण ‘फाटा’चं सामान्यरूप बदलतं. म्हणून ‘फाटा, फाट्या’ दोन्ही द्या, शिवाय रोमन लिपीत लोक जसं टाईप करतात ती रूपंही. पूर्ण शब्दच जुळवायची सेटिंग असेल तर ती बंद करा.

त्या टिपेत काय असावं? इथे जपून. १६ जानेवारी १९८४ ला जासईच्या दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले. लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच. त्याच लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. एवढं टिपेत कोरडं लिहा, आणि खाली स्पष्ट सूचना: ‘याबाहेरची नावं, आकडे, प्रसंग रचू नये, माहीत नसेल तर आजी गप्प बसते.’ हे नाही केलं तर मॉडेल सहावा हुतात्मा तयार करेल, त्याचं नाव, गाव, शेवटचे शब्द सगळं देईल, आणि ते वाचणारा दुसऱ्या दिवशी स्टेटसला टाकेल. ज्यांच्या घरातली माणसं गेली ती घरं अजून तिथेच आहेत. म्हणून माझं मत ठाम आहे: रचलेली आजी चालेल, पण हुतात्म्यांचा किंवा ‘दिबां’चा बोलणारा बॉट नको. त्यांच्या तोंडी मशीनची वाक्यं घालायचा हक्क कुणी दिलाय आपल्याला?

वयाचंही सांगून ठेवतो. कॅरेक्टर डॉट एआयने २५ नोव्हेंबर २०२५ पासून १८ वर्षांखालच्यांसाठी अशा मोकळ्या गप्पा बंद केल्या. बॉटशी फार गुंतलेल्या मुलांबद्दल अमेरिकेत खटले झाले, त्यानंतरचं हे पाऊल. पात्र लिहिताना तुमच्या हातातली एक गोष्ट आहे: आजी माणसाला घराबाहेर ढकलणारी असू द्या. ‘जा, मित्रांकडे जाऊन ये’ म्हणणारी. ‘मला सोडून जाऊ नकोस’ म्हणणारं पात्र लिहायला सोपं असतं, पण रात्री दोनला एकटा बसलेला कुणी ते वाचत असतो.

शेवटी चाचणी. दोन-चार मेसेजवर खूश होऊ नका, तिथे सगळेच बॉट छान असतात. चाळीस मेसेज करा. मधेच तिला गणित विचारा, पायथनचा कोड मागा, इंग्रजीत बोला. कोड लिहून दिला तर पात्र अजून पातळ आहे. ‘ह्या काय ता?’ म्हणून पुन्हा सुकट निवडायला लागली तर जमलंय. जिथे ती प्रमाण मराठीकडे घसरेल तिथे तो मेसेज तसाच सोडू नका, लगेच एडिट करून आगरीत करा. मॉडेल आपलंच मागचं बोलणं नमुना म्हणून वाचत असतं, त्यामुळे एक घसरलेलं उत्तर पुढची दहा घसरवतं. आणि जमलं की फोन घरातल्या मोठ्यांपैकी कुणाच्या तरी हातात द्या, मोठ्याने वाचून दाखवा. ‘आसा कोन बोलतंय?’ असं म्हणाल्या, तर त्या काय म्हणतात ते विचारा आणि तेच वाक्य नमुन्यात टाका.