चाकूची परीक्षा आणि निर्मलचं पोलाद

१७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदुस्थानी पोलादाचे नमुने पाठवले. बँक्स यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या नामांकित कारागिरानं त्या पोलादाचा कलम तासायचा छोटा चाकू घडवला. तो तिथल्या उत्तम चाकूच्या तोडीस तोड कापू लागला! शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी हे पोलाद फार मोलाचं ठरेल, असं स्टोडार्टचं मत झालं.

असं पोलाद बनवणारा एक नामांकित मुलूख महाराष्ट्राच्या अगदी शेजारचा आहे. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या निर्मलच्या परिसरात दिमदुर्तीचं लोहखनिज मिळे आणि गोदावरीपलीकडे, निजामाबादेतल्या कोनसमुद्रमला पोलादाच्या भट्ट्या पेटत. १८२०च्या दशकात भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी तिथे गेले, तेव्हा माल घ्यायला थेट इस्फहानहून आलेला व्यापारी त्यांना भेटला.

तिथले लोहार दोन गावांचं लोखंड ठरल्या प्रमाणात मातीच्या मुशीत भरत, तोंड बंद करत आणि दिवसरात्र भाता चालवत. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. पण त्यात कार्बन मुरत गेला, की ते त्याहून कमी उष्णतेला पातळ होतं. अशा पोलादात शंभर भागांमागे साधारण दीड भाग कार्बन असे. रसायनशास्त्रात कार्बनला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून दख्खनचे लोहार हे प्रमाण हातानं आणि नजरेनं सांभाळत होते.

आपल्या खिशातला चाकूही याच कार्बनवर चालतो. पातं लाल तापवून एकदम थंड केलं, म्हणजे त्याला पाणी दिलं, की कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये अडकून पडतात. पातं कमालीचं कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते पुन्हा दोनशेएक अंशांवर हलकेच तापवतात. घासून लख्ख केलेलं पोलाद २३० अंशांच्या आसपास गवती पिवळं दिसू लागतं. त्या रंगावरून लोहार ओळखतो, की थोडा कठीणपणा सोडून पात्यानं चिवटपणा कमावला. आजच्या चांगल्या चाकूंचा कठीणपणा रॉकवेल मापावर बहुधा ५८ ते ६१ भरतो.

घडीचा चाकू घेताना आधी तो उघडून पातं आडवं हलवून पाहा. ते डुगडुगता कामा नये. खटका पक्का बसायला हवा आणि मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मध्ये यायला हवं. धारेमागचं पातं पातळ असेल, तर कापताना जोर कमी लागतो. मग वर्तमानपत्राचा कागद कापा, पाठोपाठ जाड पुठ्ठा आणि सुंभ कापा, आणि पुन्हा तोच कागद घ्या. नवा चाकू पहिल्यांदा कापतोच. पोलादाची खरी जात दुसऱ्या कागदावर कळते. तेव्हा मुठीची नक्षी पाहण्याआधी दुकानदाराला विचारा: पोलाद कोणतं, आणि त्याला पाणी कसं दिलंय?