स्मरणाचा बाजार
1949 पासून दरवर्षी 7 डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनी, देणगीच्या बदल्यात छातीवर लावायचा छोटा कागदी ध्वज दिला जातो आणि जमलेला निधी हुतात्म्यांच्या कुटुंबीयांसाठी व माजी सैनिकांच्या कल्याणासाठी वापरला जातो. लाकडाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या नागपुरातील लकडगंजसारख्या पेठेत व्यापाऱ्याने असा निधी देणे आणि कारगिल विजय दिनाच्या नावाखाली सवलतींचा फलक लावून गल्ला भरणे, यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात पैसा सैनिकाकडे जातो, दुसऱ्यात त्याचे बलिदान जाहिरातीच्या कामी येते. राष्ट्रध्वजाच्या व्यापारी वापराला 1950 चा बोधचिन्हे व नावे यांविषयीचा कायदा आळा घालतो. स्मृतिदिनाचे गांभीर्य मात्र विक्रेत्याच्या विवेकावरच सोपवलेले राहते.