शेंदरी बोंडअळी : झोपलेल्या शत्रूवर घाव घाला

गेवराई, माजलगाव, वडवणी व धारूर या तालुक्यांत कपाशी हे महत्त्वाचे नगदी पीक होय. शेंदरी बोंडअळी हा तिचा कावेबाज शत्रू. मादी पतंग रात्री पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर पडून बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. शेत वरून हिरवेगार दिसते. वेचणीस मात्र कवडी कापूस हाती येतो.

सन २००२ मध्ये बीटी कपाशी आली व काही वर्षे या अळीचा विसर पडला. परंतु शेताच्या कडेने लावावयाचे बिगर-बीटी बियाणे पुष्कळांनी लावलेच नाही. त्या झाडांवर वाढलेल्या साध्या पतंगांशी संयोग झाल्याने, बीटीला दाद न देणाऱ्या किडीची वाढ रोखली जाते. हा बांध फुटला. सन २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भात कपाशीचे अतोनात नुकसान झाले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. बोंडात दडलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, हे ध्यानी घेतल्यास अंधाधुंद फवारणीची व्यर्थता कळून येईल.

या किडीचे मर्म तिच्या झोपेत आहे. ती मुख्यतः कपाशीवरच जगते. हंगाम सरताना अळ्या किडक्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत जातात. पाणी देऊन फरदड राखली की त्यांना अन्न मिळते. बांधावर पऱ्हाटी रचली की निवारा मिळतो. म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवावे. शेतात शेळ्या-मेंढ्या चारून उरलेली बोंडे खाऊ द्यावीत. पऱ्हाटीचा यंत्राने भुगा करून खत करावे. सरपणासाठी ती ठेवणे भागच असेल, तर निदान बोंडे तोडून नष्ट करावीत. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी.

पुढील हंगामात पीक दीड महिन्याचे होताच हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडल्यास उपाय योजावा. गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या अळीसह नष्ट कराव्यात. दर आठवड्यास वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन किडकी आढळल्यास शिफारस केलेले औषधच, तोंड व अंग झाकून, वाऱ्याच्या दिशेने फवारावे.

पतंगास बांध ठाऊक नसतो. एकाने शेत स्वच्छ केले आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर श्रम वाया जातात. अमेरिकेत सर्व कापूस-उत्पादकांनी वर्षानुवर्षे एकत्र झटून, सन २०१८ मध्ये ही कीड आपल्या कापूस-क्षेत्रातून हटविल्याचे जाहीर केले. बीटी कपाशी, वंध्य पतंग व कामगंध यांच्या जोडीला पिकाचे अवशेष वेळेवर गाडणे हेही त्यांचे एक साधन होते. ते साधन आपल्याही हाती आहे. गावातील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत एक तारीख ठरवून सर्व शिवारांतील पऱ्हाटी एकाच वेळी काढवून घ्यावी.