जुन्या टायरांचा खर्च कोणी सोसावयाचा?

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत काय किंवा चाकणच्या रस्त्यांवर काय, टायर दुरुस्तीच्या टपऱ्यांमागे झिजलेल्या टायरांचे ढीग हमखास दिसतात. ज्या पट्ट्यात मोटारी, मालमोटारी आणि खुद्द टायरही तयार होतात, त्या पट्ट्याने टायरच्या अखेरच्या प्रवासाचा विचार मात्र पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

वरवर पाहता सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे टायर आहे तेथेच पडू देणे. परंतु हा स्वस्तपणा फसवा आहे. पावसाळ्यात टायरच्या पोकळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणारा डास वाढतो. त्याची अंडी कोरड्या टायरमध्येही काही महिने तग धरतात. मग धूरफवारणीचा खर्च महापालिकेवर आणि औषधोपचाराचा खर्च मजुराच्या कुटुंबावर पडतो. आगीचा धोका निराळाच. डिसेंबर २०२४ मध्ये कुदळवाडीतील भंगाराची गोदामे पेटली, तेव्हा धुराचे लोट शहराने पाहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील हजारो बांधकामे पाडली. तथापि गोदाम पाडल्याने भंगार नाहीसे होत नाही. त्याचा केवळ पत्ता बदलतो.

दुसरा मार्ग बंद भट्टीत, हवेवाचून, टायर तापविण्याचा. १०० किलो टायरांतून सुमारे ४० ते ४५ किलो तेल, ३० ते ३५ किलो काजळी आणि १० ते १५ किलो पोलाद मिळते. भांडवल थोडे, पैसा लवकर. म्हणून असे कारखाने वाढले. परंतु ही भट्टी हाताने भरावयाची आणि हातानेच रिकामी करावयाची असेल, तर काजळी प्रथम कामगाराच्या छातीत जाते. देशातील ६३७ कारखान्यांपैकी २७० कारखाने नियम पाळत नसल्याचे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आले. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात अशाच एका कारखान्यातील स्फोटाने माणसांचे जीव घेतले. तेलाच्या भावात ही किंमत धरलेली नसते.

सिमेंटच्या भट्टीत टायर जाळणे त्यामानाने सुरक्षित. तेथील प्रखर उष्णतेत रबर पूर्ण जळते, पोलादही सिमेंटमध्ये मिसळते आणि कोळसा वाचतो. पण मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूरकडे, राज्याच्या दुसऱ्या टोकास. पोकळ टायर इतक्या दूर नेणे म्हणजे भाडे देऊन हवा वाहून नेणे होय.

टायर दळून केलेला रबराचा भुगा डांबरात मिसळला, तर रस्ता उन्हात कमी पाघळतो व त्यास तडेही उशिरा जातात. इंडियन रोड्स काँग्रेसने अशा सुधारित डांबरासाठी मार्गदर्शक तत्त्वे फार पूर्वीच घालून दिली आहेत. यंत्रे व वीज यांमुळे प्रारंभीचा खर्च अधिक, हे मान्य. परंतु रस्ता अधिक टिकला तर तो खर्च करदात्यासच परत मिळतो. याहूनही श्रेयस्कर म्हणजे सांगाडा शाबूत असलेल्या मालमोटारीच्या वा बसच्या टायरवर नवा थर चढविणे. नव्या टायरहून ते बरेच स्वस्त पडते आणि रबर जळण्याऐवजी पुन्हा रस्त्यावर धावते. अर्थात सांगाड्याची कसून तपासणी ही येथे अनिवार्य अट आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये नियम करून ही जबाबदारी टायर उत्पादक व आयातदार यांच्यावर टाकली. २०२२-२३ साठी ३५ टक्के, पुढील वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून १०० टक्के असे तिचे प्रमाण ठरले. तेल काढण्यासाठी जुन्या टायरांची आयातही निषिद्ध झाली. नियम योग्यच आहेत. परंतु त्यांतील प्रमाणपत्रांचा पैसा नोंदणीकृत कारखान्याकडे जातो; टायर गोळा करणारा टपरीवाला जो अधिक भाव देईल त्यालाच माल विकणार. तो भाव बेकायदा भट्टीवाल्याने दिला, तर कायदा कागदावरच राहील.

म्हणून महापालिकेने आणि औद्योगिक विकास महामंडळाने तीन गोष्टी कराव्यात : टायरांसाठी छपराखालील संकलन केंद्रे उभारावीत व तेथे निश्चित भाव मिळण्याची व्यवस्था करावी, रस्त्यांच्या निविदांत रबरमिश्रित डांबराचा आग्रह धरावा, आणि भट्ट्यांची तपासणी स्फोट होण्यापूर्वी व्हावी, यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठपुरावा करावा. टायरांची विल्हेवाट फुकट कधीच होत नाही. तिची किंमत कारखानदाराच्या हिशेबात मांडावयाची की झोपडीतील तापलेल्या मुलाच्या अंगावर टाकावयाची, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे.