न्हाणीघरातील वीज

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत एके काळी पहाटे बंब पेटत असे. तांब्याचा बंब, त्याच्या मधल्या नळीत कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या, आणि आंघोळीसाठी खोळंबलेली घरची माणसे. बंबाने हात भाजे, पण त्याचा धोका डोळ्यांना दिसत असे. आज त्याच न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा गीझर बसला आहे. त्याला धूर नाही, राख नाही. आणि तो बिघडला तरी वरून काही दिसत नाही. बिघाड हाताला तेवढा जाणवतो, आणि पुष्कळदा इतका थोडा की, "नळाला जरा झिणझिण्या येतात," एवढे म्हणून मंडळी स्नान उरकतात. या झिणझिण्यांविषयीच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

त्यांवर काही घरांत एक घरगुती तोड काढलेली असते : लाकडी पाटावर उभे राहून आंघोळ करावयाची. कोरडे लाकूड वीज अडवते हे खरे. परंतु न्हाणीघरातला पाट कोरडा कधी असतो?

मुळात ही वीज नळापर्यंत येते कशी? गीझरमध्ये पाणी तापविणारी जी नळी असते तिच्या आत नायक्रोम नावाच्या मिश्रधातूची तार असते. तार आणि नळीचे बाहेरचे कवच यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. बोअरचे किंवा विहिरीचे जड पाणी वापरले की, कवचावर चुन्याचे पांढरे पुट चढते. मग आतली उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, कवच प्रमाणाबाहेर तापते आणि कालांतराने त्याला बारीक चीर पडते. चिरेतून ओल पुडीत शिरली की पूड आपले काम सोडते. तारेतील वीज कवचावर, तेथून पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यावर येते. पाणी मात्र पूर्वीप्रमाणेच तापत राहते, म्हणून गीझर बिघडला आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

आता पुष्कळांचा समज असा की, असे काही झाले तर फ्यूज उडेल किंवा एम.सी.बी. पडेल. येथे थोडे गणित केले पाहिजे. ३,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी १६ किंवा २० अँपिअरचा एम.सी.बी. बसविलेला असतो. ओल्या शरीराचा अवरोध अदमासे १,००० ओहम धरला, तर शरीरातून वाहणारा प्रवाह होतो ०.२३ अँपिअर. एम.सी.बी.च्या लेखी ही रक्कम किरकोळ आहे. तो ढिम्म हलणार नाही. माणसाच्या हृदयाची लय बिघडावयास मात्र याचा अल्पसा भागही पुरतो. एम.सी.बी. घरातील तारांना जळण्यापासून वाचवितो. माणसाला वाचविणे हे त्याचे कामच नव्हे.

मग अर्थिंग आहे ना? जुन्या वाड्यांत खरी अडचण येथेच आहे. पूर्वी कित्येक ठिकाणी अर्थिंगची तार जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळाला बांधीत. पुढे ते नळ गंजले, त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे आले, आणि अर्थिंग कोणाच्याही नकळत नाहीसे झाले. तार नळाला बांधलेली, नळ मात्र जमिनीपासून तुटलेला. दुसरा प्रकार याहून वाईट. अर्थिंग नाही म्हणून कारागीर सॉकेटमध्ये अर्थची जागा न्यूट्रलला जोडून देतो. टेस्टर लावला तर सारे ठीक दिसते. पण न्यूट्रल कोठे तुटला की, गीझरचे सबंध अंग जिवंत होते.

नवा खड्डा खणून अर्थिंग केले तरी ते एकटे पुरत नाही. आमच्याकडील काळ्या मातीखाली बसॉल्टचा कातळ असतो, आणि उन्हाळ्यात माती वाळली की, खड्ड्याचा अवरोध वाढतो. तो २० ओहम झाला, तर २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वाहतील; एम.सी.बी. पडणार नाही आणि गीझरचे अंग तसेच जिवंत राहील. यासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत येतो की नाही, हे तो ताडून पाहतो. वाटेत गळती झाली की क्षणात वीज तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारी माणसे आहेत. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याला हाकलून देण्यापैकीच हे आहे.

तेव्हा झिणझिण्या जाणवल्या की, पहिले काम म्हणजे मेन स्विच बंद करणे. नुसते गीझरचे बटन पुरत नाही; ते चुकून न्यूट्रलवर बसविलेले असेल, तर बंद असूनही आत फेज राहतो. त्यानंतर परवानाधारक ठेकेदाराचा माणूस बोलवावा, आणि नव्या गीझरचे पैसे मोजण्यापूर्वी त्याच्याकडून अर्थिंग मोजून घ्यावे.

नवा कोणता घ्यावा? परदेशी गेलेले नातेवाईक सांगतात की, तिकडे पाणी भिंतीवरच्या डब्यातून तापून थेट शॉवरला येते. खरे आहे, पण मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवावयाचे तर सुमारे साडेदहा किलोवॉट लागतात, म्हणजे ४५ अँपिअर. वाड्यातल्या जुन्या तारांना हे पेलणार नाही. आपल्याकडील ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर तेवढ्याच अंशांनी मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आतच पाणी तापवितो. त्याने बादली भरावी, शॉवरची हौस करू नये. शॉवरच हवा असेल तर साठवणीचा घ्यावा. २,००० वॉटचा १५ लिटरचा गीझर थंडीत १० अंशांचे पाणी ५० अंशांवर न्यावयास साधारण २१ मिनिटे घेतो. साठवणीच्या गीझरवर आय.एस. २०८२ आणि इन्स्टंटवर आय.एस. ८९७८ हा मानक क्रमांक व आय.एस.आय.ची खूण पाहावी. (विजेला कंटाळून बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर बसविणे हा उपाय नव्हे, तेथे कार्बन मोनॉक्साइडची भीती आहे, आणि त्याला तर वासही नसतो.)

बसविताना गीझरसाठी बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणावी. स्विच न्हाणीघराच्या बाहेर आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. काळवंडलेला जुना सॉकेट पुन्हा वापरू नये. सैल सांध्याचा अवरोध अर्धा ओहम असला तरी १३ अँपिअरला तेथे ८५ वॉट उष्णता साठते, आणि वाड्यात शेजारी लाकडी तुळई असते. मातीच्या भिंतीवर पाण्यासकट वीसेक किलोंचा भार टांगू नये. सुरक्षा झडपेचे तोंड गळते म्हणून बुजवू नये. थर्मोस्टॅट अडकला तर वाफेला तीच एक वाट आहे. टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून धार आल्याशिवाय वीज सुरू करू नये, नाहीतर नवी नळी पहिल्याच दिवशी जळेल.

रामकुंडाच्या परिसरातील धर्मशाळा आणि लॉज यांच्या चालकांना येथे वेगळे सांगितले पाहिजे. घरातल्या माणसाला आपला नळ ठाऊक असतो. पहाटे स्नानाला उठलेल्या यात्रेकरूला तो ठाऊक नसतो, आणि झिणझिण्या आल्या तरी तो तक्रार न करता पुढच्या गावी निघून जातो. तेथे आर.सी.सी.बी.चे चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहण्याचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे. २००८ आणि २०१६ सालांसारखा गोदावरीचा पूर येऊन गेल्यावर, बोर्डाला पाणी लागले असेल तर तो तपासून घेतल्याखेरीज वीज जोडू नये.

उतरविलेला जुना गीझर भंगारात देताना त्याची वायर अगदी मुळाशी कापावी. पत्रा विकला जाईल. पण चिरलेली नळी असलेला तो गीझर कोणी स्वस्तात घेऊन दुसऱ्या न्हाणीघरात टांगणार नाही.