पुस्तक घेऊन तळ्यावर

पंचतंत्रातील व रामायणातील गोष्टी मुलांस सांगाव्यात, ह्याविषयी सुशिक्षित घरांत दुमत नाही. परंतु ज्यात राजा नाही, राक्षस नाही, केवळ बेडूक कसा जगतो एवढेच सांगितले आहे, असे पुस्तक घरात आले की ते ‘अभ्यासाचे’ ठरून फडताळात जाते. तीन तपे प्राथमिक शाळेत शिकविल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की, ह्या माहितीपर पुस्तकांवर आपण मोठा अन्याय करीत आहो. आणि तो अन्याय आम्ही स्वतः शिक्षक असूनही केला, म्हणून हा लेख.

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. साकोली तालुक्यातील आमचे एकोडी गाव ह्याच मुलखातले. येथील जुने तलाव बहुतांशी कोहळी शेतकऱ्यांच्या श्रमांतून उभे राहिले. पुढे त्यांवर मालगुजारांचा ताबा होता, म्हणून ते मालगुजारी तलाव. लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, नाव मात्र राहिले. अशा तळ्यात शेवाळावर किडे जगतात, किड्यांवर लहान मासे, लहान माशांवर मरळ, माशांवर बगळे व माणसे. आणि तळ्याचे पाणी पाटाने धानाच्या बांधीत जाऊन साऱ्या गावास पोसते. ह्या परस्परावलंबी संसारास टान्स्ली ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली जे नाव दिले, त्यासाठी मराठीत ‘परिसंस्था’ हा शब्द रूढ आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलास ही कल्पना अवघड वाटू नये. एकाचे बिघडले की सर्वांचे बिघडते, हे त्याने घरीच पाहिलेले असते. फरक इतकाच की, तळ्यातील मंडळी एकमेकांस खाऊन संसार चालवितात!

आता आमची चूक सांगतो. एका शाळेत चौथीच्या वर्गास आम्ही अन्नसाखळीचे उदाहरण लिहावयास सांगितले. गवत, टोळ, बेडूक, साप, घार हे उत्तर आम्ही फळ्यावर लिहून घोकवून घेतले होते. एका धीवराच्या मुलाने मात्र शेवाळ, झिंगा, मरळ, माणूस असे लिहिले. फळ्यावरचे नव्हे म्हणून आम्ही त्यास शून्य गुण दिले. तो इतकेच म्हणाला, “गुरुजी, मरळीच्या पोटात झिंगे म्या पाह्यले आहेत.” आम्ही त्यास खाली बसविले. नंतर एके सकाळी तळ्याच्या बांधावर त्याच्या वडिलांनी आमच्यादेखत मासा चिरला, आणि आत झिंगे निघाले. आम्ही दुसऱ्याच दिवशी गुण दुरुस्त केले. परंतु त्या वर्षात त्या मुलाने वर्गात पुन्हा हात वर केला नाही. ते गुण आम्हांस भरून देता आले, तो हात मात्र आला नाही.

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. प्रथम वर्गात पुस्तकातील एकच पान वाचावयाचे. मग मुलांस घेऊन तळ्यावर जावयाचे. काठापासून दूर, मोठी माणसे सोबत, आणि अर्धा तास गप्प बसून पाहावयाचे. परतल्यावर वहीत तीन रकाने आखावयाचे: पुस्तक काय म्हणते, आम्ही काय पाहिले, गावात काय म्हणतात. तिसऱ्या रकान्यासाठी मुले धीवरांस, गुराख्यांस व आजीस विचारीत. तिन्ही रकाने जुळले तर आनंद. न जुळले तर त्याहून अधिक, कारण मग पुन्हा पुस्तक उघडावे लागे. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी मुलांनी असंख्य वेळा पाहिला होता. परंतु त्याच्या घरी अंडी नर उबवितो व मादी निघून जाते, हे त्यांस पुस्तकाने सांगितले. उलट, काठच्या रानभातास देवधान म्हणतात, हे पुस्तकात नव्हते. ते एका आजीने सांगितले.

पुस्तके कोणती घ्यावीत? ज्यात चित्रे खरी आहेत, प्राणी माणसासारखे बोलत नाहीत, आणि वाचून झाल्यावर मुलाच्या मनात प्रश्न उरतो, ती घ्यावीत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक जपावेत. नवेगावबांधच्या परिसरात वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये निवर्तले. त्यांचा ‘पक्षिकोश’ वडील मंडळींनी हाताशी ठेवावा, म्हणजे मुलांच्या प्रश्नांपुढे फजिती होणार नाही. पेंग्विन व सिंह ह्यांचीच पुस्तके घेऊ नयेत, नाहीतर निसर्ग म्हणजे दूर कोठेतरी असणारी वस्तू, असा मुलांचा ग्रह होतो.

कोणी म्हणेल, ह्याने काव्याची गोडी जाईल. आमचा अनुभव उलट आहे. चक्रवाकाची जोडी रात्री विलग होते, हा संस्कृत कवींचा संकेत आम्ही नातवास सांगितला. त्याने विचारले, “आजोबा, हे कोणी पाहिले?” पक्ष्यांचे पुस्तक काढले. चक्रवाक हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा पाहुणा आहे. रात्रीच्या विरहाचे तेथे नावही नाही. नातू हिरमुसला नाही. कवीने असे का म्हटले असेल, ह्यावर तो रात्री जेवणापर्यंत बोलत होता. काव्य व वस्तुस्थिती ह्यांतील भेद ज्यास कळला, त्यासच दोहोंचा आनंद मिळतो.

आज अनेक तळी गाळाने भरत आहेत, काठांवर बेशरम माजली आहे. गाळ काढण्याचा ठराव उद्या ह्याच मुलांपुढे येईल. ज्यांस त्या पाण्यात कोण कोणाच्या आधाराने जगते हे ठाऊक नाही, त्यांस तो केवळ खड्डा वाटेल. म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. पुढील रविवारी फडताळातील ते ‘अभ्यासाचे’ पुस्तक काढा, नातवंडांचा हात धरा आणि जवळच्या पाण्याकाठी जा. तेथे एखादे मूल पुस्तकात नसलेली गोष्ट सांगू लागले, तर त्यास खाली बसवू नका.