दोन रेघांची पट्टी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. हरभऱ्यावरच्या घाटेअळीची पाहणी करून मी पंचायत समितीत परतलो, तर ओळखीचे एक शेतकरी बाकावर वाट बघत बसले होते. मला वाटले, अळी दाखवायला आले असतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याची घडी उलगडली. आत एक अरुंद पट्टी होती.

“साहेब, पोरगं हातचं गेलं,” ते म्हणाले. “गांजा ओढतंय. दोन रेघा आल्यात बघा.”

मुलगा बारावीला. डोळे लाल, जेवणात लक्ष नाही, विचारावे तर तुटक उत्तर. बापाने तालुक्याच्या औषध दुकानातून लघवी तपासायची पट्टी आणली. ‘कॉलेजला दाखला लागतोय’ अशी थाप मारून पोराकडून नमुना घेतला. दोन रेघा दिसल्या आणि हाताला लागला तो दोर उचलला. मुलगा त्याच रात्री मामाच्या गावी निघून गेला.

मी विचारले, “दोन रेघा म्हणजे गांजा, हे कुणी सांगितले?”

“सांगायचं काय त्यात? थोरल्या सूनबाईची पट्टी बघितली होती की. दोन रेघा आल्या आन् घरात पेढे वाटले.”

मलाही ठाऊक नव्हते. पाकिटातला कागद त्यांनी जपून ठेवला होता, पण तो इंग्रजीत. आम्ही दोघे आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “अहो, हिचं उलटं असतं. दिवस गेल्याच्या पट्टीत दोन रेघा म्हणजे ‘आहे’. नशेच्या पट्टीत दोन रेघा म्हणजे ‘नाही’. दुसरी रेघ फिकट असली तरी ‘नाही’च. फक्त पट्टी चालते हे दाखवणारी एकच रेघ उमटली तर संशय. तीही उमटली नाही तर पट्टी बाद.”

ते गृहस्थ भिंतीला टेकले. मग हळूच म्हणाले, “आठ दिवस पंपाची वीज रातच्याला होती. गव्हाला पाणी तोच देत होता.”

पट्टी म्हणजे निकाल नव्हे

मंडळी, माती परीक्षणाचे आपण काय सांगतो? नमुना बांधाजवळून घेऊ नका, खताच्या ढिगाखालचा घेऊ नका. नमुना चुकला की अहवाल चुकला. इथेही तसेच आहे. समजा, खरोखरच एक रेघ आली, तरी तो फक्त संशय. प्रयोगशाळेत दुसरी, बारकाईची तपासणी झाल्याशिवाय त्याला पुरावा म्हणता येत नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेतले असले, तरी पट्टी अफूकडे बोट दाखवू शकते.

खसखशीचेच घ्या. अनारशावर लावतो ती खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. बियांनी नशा चढत नाही, पण बोंडाच्या चिकाचा अंश त्यांना लागलेला असतो आणि तो लघवीत उतरतो. याच कारणाने अमेरिकेच्या सरकारने १९९८ साली तपासणीतली अफूची मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. २०२३ साली तिथल्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळा असे कळवले. आखातात नोकरीला निघालेल्या पोराच्या डब्यात खसखशीचे पदार्थ देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे.

आणि घरची खसखस पिकवू, असा विचार तर मनातही आणू नका. अफूची लागवड केंद्र सरकारच्या परवान्यानेच होते, तीही मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत. बीड जिल्ह्यात २०१२ साली अफूची शेते सापडली तेव्हा ‘आम्ही खसखस लावली’ असे शेतकरी म्हणाले, पण गुन्हे दाखल झालेच. तुरीच्या ओळीत गांजाचे झाड लावले, तर १९८५ च्या कायद्याने दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

तपासणी कुठे कामाची?

एसटीचा किंवा ट्रकचा चालक प्यालेला आहे का, हे फुंकर मारून कळते आणि ते कळलेच पाहिजे. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू चालत नाही. ट्रॅक्टर रस्त्यावर आणणाऱ्यालाही तोच नियम. मात्र गांजाचा अंश अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीत काही दिवस, तर रोज ओढणाऱ्याच्या कित्येक आठवडे राहतो. माणूस या क्षणी नशेत आहे की नाही, हे ती तपासणी सांगत नाही.

शाळेत पट्टी घेऊन फिरण्यापेक्षा शाळेबाहेरची टपरी बघा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. पालकांनी आणि ग्रामसभेने एवढे जरी पाळायला लावले, तरी पुष्कळ झाले.

घरात काय करावे?

शंका आली तर आधी बोला. मारून, फसवून नमुना घेऊ नका. झोप, अभ्यास, पैसे, मित्र यांत काय बदलले ते बघा. खरेच व्यसन असेल तर ते दुखणे आहे, त्याला औषधपाणी आहे. जिल्हा रुग्णालयात दाखवा. १४४४६ या क्रमांकावर सरकारची मोफत मदत मिळते. आणि घरात आजीची मिश्री, बापाचा तंबाखूचा बार चालू असेल, तर पोराला कोणत्या तोंडाने सांगणार? ही पट्टी तंबाखू सहसा दाखवत नाही, पण पोराला तो रोज दिसतो.

आरोग्य केंद्रातून बाहेर पडल्यावर त्या गृहस्थांनी सवयीने चंची काढली, माझ्याकडे बघितले आणि परत खिशात ठेवली. “पोराला काय सांगू?” त्यांनी विचारले.

“चुकलो म्हणा,” मी म्हणालो. “दुसरे काय सांगणार?”

ते स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. मुलगा बापाशी अजून मोजकेच बोलतो. पण रात्रीच्या पाण्याला आता दोघे मिळून जातात.